आरशासमोरचं जेवण

ता. ८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरातले सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण ते खरं नाही. फोनवर हे बोलता येत नाही, कारण मास्तर शेजारीच बसलेले असतात. (सगळी गल्ली नवऱ्याला मास्तर म्हणते, म्हणून मीही. टेलर मास्तर घरातही टेलर मास्तरच असतो.)

काल औषधांच्या दुकानातून दुपारीच घरी आले. पिटूच्या खोलीत चार दिवस आंबूस वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून कपाटामागे हात घातला, तर बुटांचं खोकं हाताला लागलं. त्यात बिस्किटांची रिकामी पाकिटं, घडी घालून एकावर एक, इस्त्री केल्यासारखी. त्याखाली केकचे तुकडे, हिरवट, केसाळ बुरशी आलेले. अर्धा खाल्लेला पाव. आणि मुंग्या, ताई, इतक्या की खोकंच हातात हलतंय असं वाटलं.

पिटू दारात उभी होती. मी ते खोकं तिच्या अंथरुणावर पालथं केलं आणि तिला डुकरीण म्हटलं. पंधरा वर्षांच्या पोरीला. तिनं चादर चारी टोकांनी गोळा केली, बाहेर नेऊन झटकली, परत आणून घातली आणि त्याच चादरीवर भिंतीकडे तोंड करून पडली.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या गळ्यात, टेपच्या जोडीला लटकते. तेव्हापासून ती कमी खाते असं आम्हाला वाटत होतं. आता कळलं ती कुठे आणि कशी खाते.

आणखी एक सांगायचंय, ते तुला सोडून कुणाला सांगणार? ती जेवायला बसली की मला तिच्या जबड्याचा आवाज येतो. दुसऱ्या कुणाचा येत नाही, तिचाच. घास गिळताना तिचा गळा हलतो तो बघवत नाही, मी मान फिरवते. सातव्या महिन्यात जन्मली, ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून आपण दोघींनीच तिला पिटुकली, पिटू म्हणायला सुरुवात केली. त्याच पोरीची मला शिसारी येते. मी आई आहे की कोण आहे?

तुझ्या इस्पितळात दर गुरुवारी अशीच वजन वाढलेली मुलं येतात ना? काहीतरी उपाय कळव. गोळी असेल तर नुसतं नाव लिही, आमच्या दुकानात मिळेल.

लोभ आहे हे ठाऊक आहे. रागवायचं असेल तर राग वेगळा पाठवू नकोस, त्याच पाकिटात घाल.

तुझी,
धाकटी


ता. १४ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

राग पाकिटात मावत नाही, म्हणून आधी कामाचं लिहिते. गोळी नाही. असती तरी कुलपाच्या घरात तिचा उपयोग झाला नसता.

तुझं पत्र वाचून मलाही किळस आली, पण खोक्याची नाही. कुलूप लावलं की मूल लपवतं. लपवलेलं घाईनं खातं, घाईत पोटाला कळत नाही, आणि मग आपण त्यालाच हावरट म्हणतो. इस्पितळातल्या ह्या खोलीत आठ वर्षं हेच बघतेय.

गेल्या गुरुवारी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एक पाहुणे आणले. त्यांनी पिशवीतून रबराचा पिवळा गोळा काढला, चरबीचा नमुना म्हणे. बुळबुळीत, वर लाल शिरा रंगवलेल्या. ‘हे तुमच्या आत आहे’ असं सांगत तो बारा मुलांच्या हातांतून फिरवला. एक मुलगी तासभर हात फ्रॉकला पुसत राहिली. सुटल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर त्याच मुलीनं तीन केक उभ्या उभ्या संपवले, मी डोळ्यांनी पाहिलं. तो गोळा मी चादरींच्या कपाटात कोंबला आणि डॉक्टरांना कळवलं की तो पुन्हा बाहेर निघाला तर गुरुवारी तुम्ही आणि तो, दोघंच बसा.

आम्ही करतो ते फार साधं आहे, म्हणून लोकांना पटत नाही. मुलानं जेवणाआधी आपल्या भुकेला आकडा द्यायचा, शून्य ते पाच. निम्मं जेवण झालं की पुन्हा द्यायचा. आकडा चुकला तरी कुणी चूक म्हणायचं नाही, मध्येच थांबलं तर का म्हणून विचारायचंही नाही. पोट काय म्हणतंय हे ऐकायची सवयच मोडलेली असते, ती परत लावायची. शिवाय एक थांबायचा सराव आहे. आवडीचं बिस्कीट हातात धरायचं, वास घ्यायचा, खावंसं किती वाटतंय त्यालाही आकडा द्यायचा आणि पाच मिनिटं नुसतं बसायचं. ओढ वर चढते आणि आपोआप उतरते. ती उतरते हे एकदा स्वतः अनुभवलं की मुलाला धीर येतो. हे सगळं घरातल्या मोठ्यांनीही करायचं, नाहीतर ती नवी शिक्षा होते. जेवण एका टेबलाशी, टीव्ही बंद, तिन्ही माणसांना सारखं. वजन आम्ही पडद्यामागे करतो आणि आकडा मोठ्यानं म्हणत नाही.

कुलूप काढ. आणि तो जो शब्द वापरलास, त्याची माफी माग. नुसतं जवळ घेऊन चालणार नाही, त्या शब्दाचं नाव घेऊन माग.

मान फिरवतेस हे लिहिलंस ते बरं केलंस. इथे येणाऱ्या निम्म्या आया फिरवतात आणि एकही कबूल करत नाही.

माझा लोभ तुझ्या वागण्यावर अवलंबून नाही, एवढंच तुझं नशीब.

ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माफी मागितली. शब्दासकट. पिटू म्हणाली, ठीक आहे, आणि वेणी घालत राहिली. ठीक नाही हे मलाही दिसलं.

आकड्यांचं सुरू केलंय. पहिले चार दिवस प्रत्येक जेवणाला ‘पाच’. पाचव्या दिवशी तिनं बराच विचार केला आणि ‘तीन असेल’ म्हणाली. काल निम्म्या जेवणात चमचा खाली ठेवून बसली. मी विचारलं नाही. तूच लिहिलंयस विचारू नकोस म्हणून, नाहीतर जीभ वळवळत होतीच.

बिस्किटाचा सराव रविवारी सकाळी केला. दोघी समोरासमोर, मध्ये घड्याळ. दुसऱ्या मिनिटाला मी माझं बिस्कीट खाऊन टाकलं, ताई, मला कळलंच नाही. पिटूनं माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटली. किती महिन्यांनी हसली. तिचं पाच मिनिटं हातातच होतं.

तेवढ्यात मास्तर आले. बिस्कीट तिच्या हातातून काढून केरात टाकलं, आणि इस्पितळात आता हुंगायला शिकवतात का, असं विचारलं. कुलूप काढणार नाही म्हणाले. कापड सैल पडलं तर शिंपी त्याची समजूत काढत बसत नाही, आत घेतो, हे त्यांचं म्हणणं. पोरीला स्वतःची किळस आल्याशिवाय काही होणार नाही, असंही म्हणाले. हे तिच्यासमोर.

आता तूही शांत बसून वाच. दर रविवारी ते तिला दुकानात नेतात, ते मला वाटायचं मदतीला. परवा काजवाल्या बाईंनी मला गाठून सांगितलं. (काजं-बटणं करणाऱ्या बाई, मास्तरांच्या दुकानात फार जुन्या.) मास्तर तिची कंबर मोजतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात, गिऱ्हाइकाचा सांगतात तसा. बाईंनी तो मापाच्या वहीत उतरवायचा. समोर गिऱ्हाईक असलं तरी.

मी मास्तरांशी बोलले. ते म्हणाले, माप हे माप असतं.

एवढ्यावर थांबते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी


ता. १९ फेब्रुवारी

प्रिय मावशीस,
सा. न.

तू सांगितलेले भुकेचे आकडे मी वहीत लिहितेय. आईचेपण लिहिते, ती कमी सांगते.

तुला एक विचारायचंय, पण आधी काय झालं ते सांगते. दोन आठवड्यांपासून शाळा सुटली की मी दुकानात जेवते. बाबांना एका गिऱ्हाइकानं सांगितलं की जाड माणसाला आरशासमोर जेवायला बसवलं की तो कमी खातो. ट्रायल रूममध्ये तीन आरसे आहेत, कोटाची पाठ दिसावी म्हणून. तिथे स्टूल ठेवलंय. मी तिथे बसून जेवते आणि बाबा पडदा उघडा ठेवतात. मला माझी मानेची मागची बाजू दिसते. चावताना कानाजवळ काहीतरी हलतं तेपण दिसतं. ते मी कधी पाहिलं नव्हतं.

जायच्या आधी भूक तीन असते. आरशात शून्य होते. घरी आल्यावर पाच. मग मला कुठूनतरी काहीतरी मिळतंच, ते कुठून ते सांगत नाही.

मंगळवारी मला तिथे उलटी झाली. मी मुद्दाम केली नाही, आपोआप झाली. शेजारी एका वकिलाचा काळा कोट टाचून ठेवला होता, त्याच्यावर गेली. बाबांना खूप किळस आली. ते सारखं कोट कोट म्हणत होते. मी पुसला. काजवाल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि त्यापण पुसायला बसल्या. बुधवारी पुन्हा तिथेच बसवलं, कोट तेवढा हलवला होता.

आता प्रश्न. बाबा म्हणतात, स्वतःची किळस आली की खाणं सुटेल. पण मला किळस सहावीपासून येते. येते म्हणूनच खाते, खाताना ती तेवढी दहा मिनिटं येत नाही. मग हे उलटं नाही का?

आईला सांगू नकोस. ती भांडेल आणि मग बाबा तिच्याही पाठी लागतील.

माझा नमस्कार आणि तुझा जो काही लोभ शिल्लक असेल तो.

पिटू


ता. २४ फेब्रुवारी

मास्तर यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. पिटूला आणि धाकटीला याच टपालानं वेगळं लिहिलंय. पिटूला कळवलंय की ही गोष्ट मी गुपित ठेवू शकत नाही, आणि का ते.

तुमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला तुम्ही तीन आरशांत बसवून जेवू घातलंत. तिला उलटी झाली तेव्हा तुम्हाला कोट दिसला. मी या कामात पुष्कळ पाहिलंय, पण हे वाचल्यावर मी खुर्ची मागे सारून बाहेर जाऊन उभी राहिले. आपल्या दोघांत आजवर थट्टा-मस्करीचं नातं होतं. आज थट्टा सुचत नाही.

किळस हे औषध आहे असं तुम्ही म्हणता. तिला ते औषध सहावीपासून मिळतंय आणि त्यानंच ती आजारी आहे. तिनं हे मला एका ओळीत समजावून दिलं. आमच्या मोठ्या डॉक्टरांना ते समजवायला मला चार वर्षं लागली.

पिटूला माझ्याकडे पाठवा. शाळेतून तीन आठवड्यांची रजा मागता येईल, आमचा कागद मी जोडलाय. ती गुरुवारच्या गटात बसेल, आणि डॉक्टर उलटीचंही बघतील.

तुमच्यासाठी एक काम आहे. गटातल्या प्रत्येक घराला देते, तुम्हाला वगळणार नाही. सात दिवस तुम्ही पिटूबद्दल जे जे बोलाल ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं. तिच्याशी, तिच्यामागे, गिऱ्हाइकापाशी, कुठेही. तुम्ही मापात सुताचा फरक करत नाही असं ऐकलंय, तसं लिहा. आठव्या दिवशी ते कुणाकडून तरी वाचून घ्या. स्वतः वाचू नका, स्वतः वाचताना माणूस सूर बदलतो.

काय शेवट करावा कळत नाही. मुलीवर लोभ असावा.

ताई


ता. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पिटूच्या हाती देते आहे. तुझं पत्र मला औषधांच्या दुकानात मिळालं. मालकांना सांगितलं, पोटात दुखतंय, आणि तशीच मास्तरांकडे गेले. ते एका माणसाच्या बाहीचं माप घेत होते. मी ट्रायल रूममधलं स्टूल उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं. मग त्यांच्या गळ्यातली किल्ली मागितली. त्यांनी दिली नाही. घरी येऊन बिजागरीचे स्क्रू काढले आणि कपाटाचं दारच उतरवलं. कुलूप आता दाराला आहे आणि दार भिंतीला टेकून उभं आहे.

मास्तर तुझ्या पत्राबद्दल बोलत नाहीत. पिटूला पाठवायला नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. आता ती बसला निघाली आहे आणि ते दुकानातच आहेत.

मला माझीच किळस येते, ताई. दोन आठवडे ती दुकानातून यायची आणि मी मान फिरवायचे, त्या मंगळवारी तिच्या तोंडाला आंबट वास आला तेव्हाही.

तिला सांभाळ. मला नंतर सांभाळलंस तरी चालेल.

धाकटी


ता. १२ मार्च

चि. पिटूस,
आशीर्वाद.

तुझ्या मावशींनी मला काम दिलं होतं. पत्र खिशात चार दिवस तसंच राहिलं. मग मी काजवाल्या बाईंना सांगितलं की पिटूबद्दल मी काही बोललो तर उतरवून घ्या. तू इथे नव्हतीस, मला वाटलं पान कोरंच राहील आणि तसंच मावशींना पाठवून देऊ.

पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, मुलगी दिसत नाही. मी म्हणालो, पाठवलीय, आता घरात हवा खेळते. ते हसले, मी हसलो. बाईंनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका बाईंच्या कोटाचं कापड उरलं, तर मी म्हणालो, आमच्या पोरीचा असता तर अख्खं ठाण पुरलं नसतं. घरी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणालो की खुर्चीला जरा विश्रांती मिळाली. तुझी आई उठून गेली. ते मी स्वतः लिहिलं. सात दिवसांत तीन पानं भरली, दोन्ही बाजूंनी. तू इथे नसताना.

आठव्या दिवशी बाईंना वाचायला लावलं. त्यांनी अर्धं पान वाचलं, वही उलटी ठेवली आणि मोरीवर जाऊन साबण लावून हात धुतले. परत आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, दर रविवारी ते आकडे मी माझ्या हातानं लिहिले, त्याची मला घाण वाटते. पुढचं तुमचं तुम्ही वाचा.” एकोणीस वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या.

पुढचं मी वाचलं. प्रत्येक ओळीला मला माझाच आवाज ऐकू आला. बरा नव्हता. मी ते गमतीनं म्हणतो असं मला वाटायचं. वकिलांच्या कोटाचं तर वहीत नव्हतंच, ते त्याच्या आधीचं होतं, पण ते मी शेवटी लिहिलं. तू ओकलीस आणि मी कोट उचलला.

क्षमा कर असं लिहिणार होतो. तुझी आई म्हणाली, मागू नका, मागितली की तिला द्यावी लागेल. म्हणून मागत नाही.

बिस्कीट हुंगायच्या प्रकाराला मी हसलो होतो. सध्या मी तोच प्रकार जिभेला करतो आहे. शब्द आला की टाचण्या ओठांत धरतो आणि घड्याळ बघतो. टाचण्या धरून बोलता येत नाही, हे शिंप्याला लहानपणापासून माहीत असतं. बहुतेक वेळा पाच मिनिटांत शब्द खाली बसतो. काल दोनदा बसला नाही.

तब्येतीला जप. लोभ ठेवायचा की नाही ते तुझं तू ठरव.

बाबा


ता. २० मार्च

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचलं. एका दमात नाही. खुर्चीच्या ओळीपर्यंत गेले आणि ठेवून दिलं, मग दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. मावशीनं विचारलं, वाईट वाटलं का. मी म्हणाले, नाही, मळमळलं. ती म्हणाली, ते बरोबर आहे.

उलटी पुन्हा झाली नाही. डॉक्टरांनी तपासलं. वजन पडद्यामागे करतात आणि मी आकडा विचारत नाही. इथेही मी दोनदा लपून खाल्लं. मावशीला सांगितलं, तर तिनं आधी विचारलं की त्याच्या आधी काय झालं होतं. असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघींनी वहीत लिहिलं. एकदा तुमचं पत्र आलं होतं तो दिवस होता.

परवा मी केक निम्मा ठेवला. सराव नव्हता, सहजच. भूक एक झाली होती आणि तेवढ्या भुकेला केकची चव लागत नव्हती. मी ते मावशीला सांगितलं नाही, ती फार खूश होते आणि मग मला लाज वाटते.

गुरुवारी एक नवीन मुलगी आली, नऊ वर्षांची. ती आणि तिची आई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, मी समोरच्या. तिची आई दुसऱ्या एका बाईंना सांगत होती की हिला घेऊन रस्त्यानं चालायची लाज वाटते, लोक वळून बघतात, आणि घरात तर हिचं खाणं बघवतच नाही. मुलीच्या डोक्यावरून बोलत होती, जशी ती बाकाचाच भाग आहे. त्या दुसऱ्या बाई हसल्या. मुलगी बुटाचा बंद सोडत होती आणि बांधत होती. सोडत होती, बांधत होती.

मी उठले. उठलं की बाक करकरतो, म्हणून सगळ्यांनी बघितलंच. मी त्या बाईंसमोर जाऊन म्हणाले, “काकू, तिला ऐकू येतंय.”

त्यांना राग आला असेल. मुलीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग तिच्या आईकडे. बंद तसाच सुटलेला राहिला.

शनिवारी घरी येते. टेबलाशी मी आईच्या शेजारी बसेन, तुमच्या नाही. किती दिवस ते माहीत नाही. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. मावशी म्हणाली, जेवढं खरं वाटतं तेवढंच लिही. म्हणून एवढंच लिहिते की शनिवारी येते आहे.

पिटू